यादी एकदाच लिहावी

लग्नघरी आहेराची यादी लिहायला एक गृहस्थ बसले आहेत, अशी कल्पना करा. नवा आहेर आला की ते जुन्या यादीखाली नाव लिहीत नाहीत. नवा कागद घेतात, आधीची सगळी नावे त्यावर उतरवतात, शेवटी नवे नाव लिहितात आणि जुना कागद फेकून देतात. दहा नावांपर्यंत चालून जाईल. हजार झाली तर वऱ्हाड घरी पोहोचेल, पण यादी संपणार नाही!

आपण त्यांना हसू. पण संगणकाकडून नकळत हेच काम करून घेतले जाते. अक्षरांच्या सलग ओळीला प्रोग्रॅमिंगमध्ये 'स्ट्रिंग' म्हणतात. 'जावा' भाषेत एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलता येत नाही. अधिक चिन्हाने तिला तुकडा जोडला, की दोन्हींतली अक्षरे उतरवून नवीच स्ट्रिंग तयार होते. दोन-चार तुकडे असतील तर काही बिघडत नाही. पण दहा-दहा अक्षरांची १,००० नावे एकेक करून अशी जोडली, तर सुमारे ५० लाख अक्षरे उतरवावी लागतात. नावे १०,००० झाली की काम दहापट नव्हे, शंभरपट वाढते, म्हणजे ५० कोटी!

म्हणून चाचणीत झटपट चालणारा प्रोग्रॅम खऱ्या यादीवर अडखळतो आणि खिडकीशी माणसे ताटकळतात. खर्च करून दुप्पट वेगाचा संगणक आणला, तरी नावे दीडपट होताच तो फायदा संपतो.

उपाय सोपा आहे. २००४ मध्ये आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून 'स्ट्रिंगबिल्डर' ही सोय आहे. तो पुढची जागा मोकळी राखतो आणि नवे नाव शेवटी लिहितो. जागा संपली तरच सुमारे दुप्पट जागा घेऊन सगळे तिकडे हलवतो. ५० कोटींचे काम मग काही लाखांत भागते. 'पायथॉन' भाषेत 'जॉइन' आहे. तो सगळ्या तुकड्यांची एकूण लांबी आधी मोजतो आणि एकदाच जागा घेऊन सारे लिहून टाकतो.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगेन, की प्रोग्रॅम थोड्या नावांवर चालला म्हणून खूश होऊ नका. दहापट नावे देऊन पाहा. वेळ दहापट लागला तर ठीक. शंभरपट लागला, तर आत कुठेतरी ते आहेराचे गृहस्थ बसले आहेत, असे खुशाल समजा.