अँटिकिथिराचं पंचांग

१९०० सालच्या वसंतात सिमी बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे अँटिकिथिराच्या आडोशाला थांबले. क्रीट आणि ग्रीसची मुख्य भूमी यांच्यामधलं हे चिमुकलं बेट. इथे तरी स्पंज मिळतो का बघावं, म्हणून इलियास स्टाडियाटिस खाली उतरला आणि घाबराघुबरा होऊन वर आला. तळाशी प्रेतांचा खच पडलाय, माणसं आहेत, घोडे आहेत, असं काहीबाही सांगू लागला. कप्तान दिमित्रिओस कोंडोस मग स्वतः खाली गेला. ती प्रेतं नव्हती, पुतळे होते.

ग्रीक नौदलाच्या मदतीने पुतळे काढायचं काम १९०१पर्यंत चाललं. खोली पंचेचाळीस मीटरच्या आसपास, अंगावर जड पोशाख आणि वर येताना शरीराला किती उसंत द्यायची याचं ज्ञान तोकडं. एक पाणबुड्या दगावला, दोघे कायमचे लुळे पडले. वर आलेल्या संगमरवरी मूर्तींचा वाळूत रुतलेला भाग नितळ होता आणि उघडा राहिलेला भाग समुद्री जीवांनी पोखरून ओळखू येईनासा केला होता. ब्राँझचा एक उभा तरुण मात्र, तुकड्यांतून जोडून का होईना, आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दिमाखात उभा आहे. उंची १.९६ मीटर.

ग्रीक शिल्पकारांनी ब्राँझमध्ये प्रचंड काम केलं, पण त्यातलं फारच थोडं उरलं. जमिनीवरचं ब्राँझ पुढच्या पिढ्यांनी वितळवून वापरलं. उरलेल्या उत्तम पुतळ्यांपैकी कितीतरी बुडालेल्या जहाजांतून आलेले आहेत. यंत्रांचंही तेच झालं असणार. रोमन लेखक सिसेरोने आर्किमिडीज आणि पोसिडोनियस यांच्या ग्रहगोल दाखवणाऱ्या यंत्रांबद्दल लिहून ठेवलं आहे, पण ती पाहायला मिळत नाहीत. हे जहाज इसवी सनापूर्वी ७० ते ६०च्या सुमारास बुडालं, म्हणून आपल्याला निदान एक यंत्र मिळालं.

तेही मिळालं ते गंजक्या गोळ्याच्या रूपात. पुतळ्यांच्या कौतुकात त्याच्याकडे कोण बघणार! १९०२च्या मे महिन्यात त्यात एक दंतचक्र दिसलं आणि विद्वानांचे वाद सुरू झाले. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी अनेक वर्षं खपून, क्ष-किरण चित्रांच्या आधारे १९७४ साली यंत्राची पहिली सविस्तर मांडणी केली. २००५मध्ये कित्येक टन वजनाचा सीटी स्कॅनर संग्रहालयातच आणला गेला आणि आतली अक्षरंसुद्धा वाचता आली. आज ८२ तुकडे आणि ३० दंतचक्रं शिल्लक आहेत.

हे यंत्र म्हणजे हाताने फिरवायचं पंचांग. चंद्र १९ वर्षांत ताऱ्यांमधून २५४ फेऱ्या मारतो. तेवढ्या काळात सूर्याच्या १९ होतात, त्या वजा केल्या की २३५ चांद्रमास उरतात. २५४ची निम्मी १२७; म्हणून कारागिराने १२७ दात्यांचं एक चाक हाताने कापलं. ही संख्या मूळ संख्या आहे, त्यामुळे छोट्या चाकांच्या जोडीवर भागवता येत नाही. यंत्राच्या मागच्या बाजूला २३५ घरांची सर्पिल तबकडी होती. आपल्याला हे चक्र परकं नाही: १९ वर्षांचे २२८ महिने अधिक सात अधिकमास. २००४ साली अधिक श्रावण आला होता, तसाच २०२३लाही आला. २००५चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि २०२४चंही १ नोव्हेंबरलाच. वराहमिहिराने ज्या रोमक सिद्धान्ताचा परिचय करून दिला, त्यातलं २८५० वर्षांचं युगही १९च्या पटीतलंच.

दुसरी सर्पिल तबकडी ग्रहणांची. तिला २२३ घरं, म्हणजे १८ वर्षं ११ दिवस आणि वर आठ तास. आठ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते, म्हणून ग्रहण परत येतं पण दुसरीकडे दिसतं. ११ ऑगस्ट १९९९ला संध्याकाळी गुजरातमध्ये जी खग्रास स्थिती झाली, तिचं पुढचं आवर्तन २१ ऑगस्ट २०१७ला अमेरिकेला दिसलं. किती तास मिळवायचे हे सांगायला यंत्रात वेगळी छोटी तबकडी होती.

हे आकडे मुळात बाबिलोनी ज्योतिष्यांचे; सगळं श्रेय ग्रीकांना देऊन टाकणं बरोबर नाही. ग्रीकांचं खास योगदान भूमितीचं. चंद्र कधी जलद चालतो, कधी मंद. ते दाखवायला पन्नास-पन्नास दात्यांची दोन चाकं एकावर एक बसवली, पण त्यांचे आस जेमतेम एक मिलिमीटरने सरकवले. एका चाकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत सरकत राहते आणि वरच्या चाकाचा वेग आपोआप कमी-जास्त होतो. ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसशी जोडला जाणारा चंद्रगतीचा सिद्धान्त इथे ब्राँझच्या चाकांत उतरलेला आहे. मला सगळ्या यंत्रात ही खाच सर्वांत देखणी वाटते. एवढी गुंतागुंतीची चाकं युरोपात पुन्हा दिसतात ती चौदाव्या शतकातल्या खगोलीय घड्याळांत.

आणि इतक्या गंभीर यंत्रावर एक तबकडी खेळांची! ऑलिम्पिया, नेमिया, इस्थमिया, पिथिया, कोणत्या वर्षी कुठले सामने, ते तिच्यावर कोरलेलं. आपल्या पंचांगात जत्रा-यात्रा छापतात, तसंच.

पुढच्या बाजूवर ग्रहही फिरत असावेत, पण तिथली बहुतेक चाकं हरवली आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या गटाने २०२१ साली त्यांची एक मांडणी सुचवली. ती सर्वांना मान्य नाही. जहाजाच्या अवशेषांवर मोठाले खडक कोसळलेले आहेत. २०२२मध्ये त्यांतले काही हलवल्यावर एक संगमरवरी डोकं सापडलं. १९०० साली वर काढलेल्या शिर नसलेल्या हेराक्लिसचं ते असावं, असा अंदाज आहे. बाकीचे खडक हलवायचं काम तेव्हा उरलेलंच होतं.