चेहरा दाखवणारा कॅमेरा

माहुलच्या वसाहतीचे फोटो छापून येतात, त्यांत रिफायनऱ्यांचा धूर दिसतो; पण तिथे आणून टाकलेल्या प्रकल्पग्रस्त माणसाचा चेहरा क्वचितच दिसतो. म्हणून आम्हाला सुधारक ओलवे मोलाचे वाटतात. १९६६ साली अकोल्यात जन्मलेले ओलवे १९८८ पासून वृत्तछायाचित्रकार. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांना त्यांनी कृष्णधवल चित्रांत टिपले. घाणीत राबतानाही आणि घरच्या माणसांतही. कारण कामगार म्हणजे नुसती घाण नव्हे, तो कुणाचा तरी बाप आहे. २०१६ साली ओलवेंना पद्मश्री मिळाली. सुरक्षा साधनांविना गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. टाळ्या वाजवणाऱ्या सत्तेने आधी त्या चित्रांतल्या डोळ्यांना उत्तर द्यावे!