आनंदी राहण्याची सक्ती

कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीच्या दिशेने पायी निघालेल्या माणसाला योगवर्ग, अभ्यासिका आणि पोळीभाजी केंद्र यांच्या पाट्यांच्या गर्दीत गर्भसंस्कार वर्गाचीही एखादी पाटी हमखास भेटते. मंद संगीत, श्लोकपठण, आहाराविषयीच्या सूचना आणि ‘नऊ महिने आनंदी राहा’ हा उपदेश, असा तेथील सर्वसाधारण पाठ असतो. सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाचा भेद ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याला गर्भावर बाहेरच्या जगाचा परिणाम होतो ही गोष्ट नव्याने पटवून देण्याची गरज नाही. आधुनिक विज्ञानालाही ती आता अमान्य नाही. प्रश्न आहे तो पुढचा. या परिणामाची जबाबदारी कोणाच्या पदरात टाकावयाची?

हे समजून घेण्यासाठी शरीरातील व्यवहार थोडा पाहावा लागतो. मनावर ताण आला की मेंदूकडून संदेश सुटतो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जाग्या होतात आणि रक्तात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. हे द्रव्य मुळात शत्रू नव्हे. संकटात धावण्याची शक्ती तेच देते, आणि बाळाची फुप्फुसे जन्मापूर्वी पक्व व्हावयाची तीही त्याच्याच साहाय्याने. गरोदरपणात आईच्या रक्तातील त्याचे प्रमाण एरवीही दुपटीतिपटीने वाढत असते. निसर्गाने म्हणून वारेमध्ये एक पहारेकरी बसविला आहे. तेथील एक विकर आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्प्रभ करून टाकते आणि बाळापर्यंत थोडाच अंश पोहोचू देते. अतिशय चिंताग्रस्त असलेल्या मातांच्या वारेत या विकराचे काम मंदावलेले आढळले आहे. पहारा ढिला पडला, तर आत काय जाईल याचा भरवसा उरत नाही.

बाळांच्या बाबतीत प्रत्यक्ष काय दिसले? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या ११६ बालकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीसाठी नवजात बालकाच्या टाचेला सुई टोचून रक्त घेतात, तो बाळाच्या आयुष्यातील पहिल्या त्रासांपैकी एक. गरोदरपणी ज्या मातांचे कॉर्टिसॉल अधिक होते, त्यांच्या बाळांत या टोचणीनंतर हे संप्रेरक अधिक उसळलेले दिसले. ज्या माता अधिक ताणाखाली होत्या, त्यांची बाळे पूर्वस्थितीला यावयास अधिक वेळ घेत होती. दुसरा दाखला न्यूयॉर्कचा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी तेथे किंवा आसपास असलेल्या ३८ गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास रेचेल येहुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ज्या मातांना त्या आघातामुळे पुढे मानसिक विकार जडला, त्यांच्या साधारण वर्षाच्या बाळांच्या लाळेत कॉर्टिसॉल कमी आढळले, आणि आघाताच्या वेळी ज्यांना सातवा महिना उलटला होता त्यांच्या बाबतीत ते विशेष जाणवले.

एके ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी, हे वाचून वाचक गोंधळेल. पहिल्या अभ्यासात टोचणीनंतरची उसळी मोजली होती, दुसऱ्यात रोजची स्थिर पातळी. दोन्हींचा अर्थ इतकाच की बाळाची ताण सोसण्याची घडी जन्माआधीच काही प्रमाणात बसू लागते. ‘काही प्रमाणात’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. शेकडो बाळांच्या सरासरीवरून काढलेला निष्कर्ष शेजारच्या वाड्यातील एका सुनेच्या बाळाला लावता येत नाही. श्लोक ऐकविल्याने बुद्धिमान संतती होते, असे तर यातून मुळीच सिद्ध होत नाही.

परदेशातील दाखले बाजूला ठेवले तरी पुण्याच्या पदरी स्वतःचा पुरावा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील गर्भवतींच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. वजनाने लहान, तरी अंगात तुलनेने चरबी अधिक असलेले भारतीय बाळ जगाच्या नजरेस आले ते मुख्यतः या कामामुळे. याच अभ्यासाच्या आधारे आगरकर रस्त्यावरील आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि इतर संशोधकांनी २००३ मध्ये एक निष्कर्ष मांडला, त्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. शेतीची कष्टाची कामे, पाणी भरणे यांचा भार ज्या गर्भवतींवर अधिक होता, त्यांची बाळे जन्मतः अधिक लहान होती. म्हणजे ताटात काय पडते याबरोबरच डोक्यावर किती हंडे चढतात, हेही बाळाच्या अंगावर उमटते.

मनाच्या भाराचा हिशेब गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे २७० गर्भवतींची विचारपूस केली आणि बाळंतपणानंतर त्यांचा मागोवा घेतला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्याने ग्रासलेले आढळले. कारणे कोणती निघाली? गरिबी, नवऱ्याशी विसंवाद, आणि जन्मलेले मूल मुलगा की मुलगी हा प्रश्न. नवऱ्याची मारहाण आणि उपासमार यांचा घावही बाळाच्या लिंगानुसार कमीअधिक होत होता. याच मातांविषयीच्या पुढील लेखनात गरोदरपणातील मानसिक अस्वास्थ्य आणि बाळाचे कमी वजन यांचाही संबंध दाखविण्यात आला. या यादीत एकही कारण असे नाही, की जे त्या स्त्रीला डोळे मिटून, दीर्घ श्वास घेऊन दूर करता येईल.

‘आनंदी राहा’ या उपदेशाची गफलत येथेच आहे. तो चुकीच्या पत्त्यावर पाठविला जातो. जिचा नवरा बोलत नाही, जिला पहिली मुलगी आहे आणि जिच्या सासूने नवस बोलून ठेवला आहे, तिला ‘तुझ्या काळजीने बाळाचे नुकसान होईल’ असे बजावणे म्हणजे तिच्या काळजीत आणखी एका काळजीची भर घालणे होय. बाळ किरकिरे निघाले तर दोष पुन्हा तिचाच.

कोथरूडच्याच टेकडीच्या उताराला सुतारदरा आणि किष्किंधानगर आहे. तेथून रोज सकाळी खाली उतरून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला वर्गाची पाटी वाचावयासही सवड नसते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. शिक्षिकेला आणि कारकून स्त्रीला तिचे मोल ठाऊक आहे. परंतु ही धुणेवाली त्या कायद्याच्या कक्षेत आलीच नाही. केंद्राची मातृवंदना योजना २०१७ मध्ये पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये घेऊन आली. पुण्यातील घरभाड्यापुढे ही रक्कम किती दिवस पुरते, ते सांगावयास नको. ज्या घरात गृहिणी स्वतःच्या सुनेला वर्गाला धाडते, त्याच घरात सातव्या महिन्यातली मोलकरीण वाकून फरशी पुसत असते, हे दृश्य या उपनगरात दुर्मीळ नाही.

आपल्या जुन्या रीतींना याची जाण अगदीच नव्हती असे नाही. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातील दौहृदावरून आला. गर्भवतीच्या ठायी दोन हृदये असतात, म्हणून तिची इच्छा मोडू नये, असे सुश्रुतसंहिता सांगते. तेथे आज्ञा आहे ती घरच्यांना. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी नेण्याच्या प्रथेतही तेच शहाणपण होते, जरी त्याच प्रथांनी सुनेला एरवी सुखाने जगू दिले असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट दिलासा देणारी आहे. जन्माआधी बसलेली घडी जन्मानंतर बदलू शकते. गर्भजलात कॉर्टिसॉल अधिक असलेल्या बाळांची बौद्धिक वाढ सतराव्या महिन्यात मागे दिसली, पण ज्यांचे आईशी नाते विश्वासाचे होते त्यांच्यात तो फरक उरला नव्हता, असे ब्रिटनमधील एका अभ्यासात २०१० मध्ये दिसले. पहिल्या आठवड्यांत आईने बाळाला वारंवार कुरवाळल्याने गरोदरपणातील नैराश्याचे परिणाम सौम्य होतात, असेही तेथेच २०१२ मध्ये आढळले. पायांवर आडवे घेऊन बाळाला तेल लावणाऱ्या आजीला हे वाचून नवल वाटणार नाही. मात्र कुरवाळावयास आईला उसंत हवी, झोप हवी, आणि रात्री बाळ उचलणारा दुसरा एक हात हवा.

महापालिकेच्या प्रसूतिगृहांत गर्भवतीचे वजन, रक्तदाब आणि रक्तातील हिमोग्लोबिन नियमाने तपासतात. त्याच खुर्चीवर बसलेल्या तिला आणखी दोन प्रश्न विचारता येतील: गेल्या महिन्यात वारंवार उदास, हताश वाटले काय, आणि कशातच गोडी वाटेनाशी झाली काय. ब्रिटनमध्ये गर्भवतींना हे दोन प्रश्न विचारण्याची शिफारस आहे. त्यास यंत्र लागत नाही. उत्तर ‘होय’ आले, तर पुढच्या खेपेस तिच्या नवऱ्यालाही बोलवावे, बाहेरच्या बाकावर बसविण्यासाठी नव्हे, आत. वर्ग चालविणाऱ्यांनीही नऊ महिन्यांच्या पाठातील निम्मे तास नवरे आणि सासवा यांच्यासाठी राखून ठेवावेत.