भाड्याचे घर आणि नगरपालिकेचा दाखला

दुकानातील वजनमापांची तपासणी सरकारी निरीक्षकाने करावी, यात आपणां व्यापाऱ्यांस आता काही वावगे वाटत नाही. परंतु भाड्याने दिलेल्या घराचा जिना, मोरी व खिडकी पाहावयास नगरपालिकेचा मनुष्य आला, म्हणजे पुष्कळ घरमालकांच्या कपाळास आठी पडते. ही तपासणी कशासाठी, हे न्यूयॉर्क शहराच्या इतिहासावरून चांगले समजते.

तेथील ऑर्चर्ड स्ट्रीटवर ९७ क्रमांकाची पाचमजली चाळ १८६३ साली उभी राहिली. प्रत्येक बिऱ्हाडास तीन खोल्या. पैकी थेट उजेड एकीसच. शौचकूप मागील अंगणात. १८६७ च्या कायद्याने वीस रहिवाशांमागे एक शौचकूप असावा असे ठरविले. परंतु अंमल ढिला राहिला.

१९०१ च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. स्वतंत्र खाते स्थापन झाले. निरीक्षक इमारतींची पाहणी करून त्यांची नोंद कार्डांवर ठेवू लागले. नव्या इमारतीत दाखल्यावाचून बिऱ्हाड ठेवण्यास मनाई झाली. यातील मर्म उघड आहे : संसार थाटल्यावर दोष काढणे अवघड, आधी काढणे सोपे.

जुन्या घरांच्या मालकांस मात्र खर्चाची झळ लागली. अंगणातील शौचकूप काढण्याच्या हुकमाविरुद्ध एक घरमालकीण न्यायालयात गेली. १९०६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खात्याचाच पक्ष उचलून धरला. ९७ क्रमांकाच्या चाळीतही १९०५ च्या सुमारास मजल्यागणिक दोन शौचकूप आले व उजेडासाठी आतील भिंतींस खिडक्या पाडल्या गेल्या.

पुढे नियम आणखी कडक झाले. तेव्हा १९३५ साली मालकाने नव्या सुधारणांचा खर्च करण्याऐवजी बिऱ्हाडकरूंस घालवून वरचे मजले बंद केले. खालची दुकाने तेवढी चालू राहिली. १९८८ साली स्थापन झालेल्या एका संग्रहालयाने पुढे ती वास्तू जतन केली.

या हकीकतीस दोन बाजू आहेत. तपासणी नसेल तर भाडेकरूचे आरोग्य व जीवित धोक्यात येते. आणि वर्षानुवर्षांची दुरुस्ती एकदम अंगावर आली, तर घरच भाड्यातून नाहीसे होते. म्हणून सुज्ञ मालकाने भाड्याच्या उत्पन्नातील काही रक्कम दरसाल दुरुस्तीखाती जमा करावी. निरीक्षक येण्यापूर्वी आपणच आपल्या घराचे निरीक्षक व्हावे, हा यातील खरा हिशेब होय.