‘पण बसेल’

बोल्टाचं डोकं चिंचोक्याएवढं. चाचांनी रॉकेलात भिजवलेली चिंधी त्यावर दोनदा फिरवली, बोल्ट उन्हाकडे वळवला आणि मला म्हणाले, "वाच." काळपट गंजातून एक अक्षर वर आलं होतं. इंग्रजी ‘एफ’. साधं छापील नव्हे, कुणी सही करताना काढावं तसं लफ्फेदार. "हा फोर्डचा," चाचा म्हणाले. "तुझ्या मामाची गाडी विलिसची. पण बसेल."

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. मामाची जीप युद्धातली, लष्करी लिलावातून फिरत फिरत त्याच्याकडे आलेली. दर महिन्याला तिचं काहीतरी निघायचं आणि आम्ही दोघं चाचांच्या भंगाराच्या अंगणात हजर व्हायचो. त्यांचे ते दोन शब्द तेव्हा कानाआड गेले. पुढे वाचत गेलो, गाड्यांखाली शिरलो, आणि त्या दोन शब्दांमागे मी अजूनही चालतोच आहे.

पुणं लष्कराचं गाव. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकीला वर्कशॉप, देहूरोडला मोठं भांडार. सैन्याने मोडीत काढलेली गाडी लिलावात निघाली की तिचा पुढचा जन्म अशा अंगणांत सुरू व्हायचा. शक्तिमान ट्रकांची बॉनेटं एकावर एक, पत्रावळी रचाव्यात तशी. कमानपाटे लांबीनुसार भिंतीला टेकवलेले. एका कोपऱ्यात नुसती स्टेअरिंगची चाकं. हेड काढलेल्या इंजिनांच्या सिलिंडरांत पावसाळ्यात पाणी साचायचं आणि त्यात बेडकांची पिल्लं वळवळायची. चार सिलिंडर म्हणजे चार विहिरी. ग्रीस, ओला गंज आणि तापलेला पत्रा यांचा मिळून एक वास होता. तो आजही कुठे आला तर माझी पावलं आपोआप हळू होतात.

चाचांकडे वही नव्हती. कुठला क्राऊन-पिनियन कुठल्या ढिगात, खालून कितवा, हे सगळं डोक्यात.

आता त्या ‘एफ’ची गोष्ट. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी हवी होती, आणि पहिला नमुना तयार करायला मुदत दिली होती 49 दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावलं. त्याने आराखडे काढले आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण बँटमचा कारखाना चिमुकला. लष्कराला गाड्या लाखांनी हव्या होत्या. म्हणून विलिस आणि फोर्ड यांनाही रिंगणात आणलं, विलिसचं इंजिन सरस ठरलं, आणि मग जे घडलं ते मला आजही थक्क करतं: विलिसच्या नकाशांवरून तीच गाडी फोर्डनेही बनवायची, असं ठरलं. एरवी बाजारात एकमेकींच्या गळ्याला हात घालणाऱ्या दोन कंपन्या. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीपा बनवल्या.

फोर्डच्या गाडीचं नावच ‘जीपीडब्ल्यू’. त्यातला ‘डब्ल्यू’ विलिसच्या आराखड्याचा. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ उमटवला. आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. जीपची ओळख झालेली ती उभ्या फटींची लोखंडी जाळी मुळात फोर्डची. विलिस आधी लोखंडी पट्ट्या जोडून जाळी बनवायची. फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून ती काढली, आणि 1942 मध्ये विलिसनेही तीच घेतली.

यामागचा हेतू अगदी व्यवहारी होता. रणांगणावर एक जीप सुरुंगाने मोडली, दुसरी गोळीने, तर दोन्हींतून मिळून तिसरी उभी राहिली पाहिजे. समोर कुठल्या कारखान्याची गाडी आहे हे बघायला तिथल्या मिस्त्रीला उसंत नाही. म्हणून हजारो मैलांवर, एकमेकांना कधीही न भेटलेल्या कामगारांच्या हातून निघालेले भाग एकमेकांत बिनबोभाट बसले पाहिजेत.

हे किती अवघड होतं, ते चाचांच्या भिंतीवर दिसायचं. तिथे पान्यांच्या तीन रांगा होत्या आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या चाचांना खपायच्या नाहीत. पहिली रांग अमेरिकी इंचांची, जीपसाठी. दुसरी मेट्रिक. शक्तिमान म्हणजे जर्मन ‘मान’ कंपनीचा ट्रक, जबलपूरला बनलेला. आणि जोंगा म्हणजे जपानी निसानची गाडी, तीही जबलपूरचीच. जोंगा हे नावही ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरिज असेंब्ली’ची आद्याक्षरं जोडून झालेलं. तिसरी रांग मला कोड्यात टाकायची. त्या पान्यांवर ‘अर्धा’ असं कोरलेलं, पण ते अर्ध्या इंचाच्या डोक्याला कधीच बसायचे नाहीत. ती व्हिटवर्थची रांग, जुन्या ब्रिटिश गाड्यांची. तिथे पान्यावरचा आकडा बोल्टाच्या डोक्याचा नसतोच, दांड्याच्या जाडीचा असतो.

जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडमध्ये सुचवलं की प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडणं बंद करावं; आट्याचा कोन सगळीकडे 55 अंशांचा असावा. त्याआधी एका गिरणीतला नट शेजारच्या गिरणीतल्या बोल्टाला बसेलच याची खात्री नसे. 1864 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने तोच विचार अमेरिकेसाठी मांडला, पण कोन घेतला 60 अंशांचा, कारण तो पाडायला आणि तपासायला सोपा. फरक अवघा पाच अंशांचा. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर तर ब्रिटिश आटे इंचाला 12 आणि अमेरिकी 13. नट दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि मग अडकतो. जोर केला तर दोन्हींचे आटे जातात. दुसऱ्या महायुद्धात हे दोन देश खांद्याला खांदा लावून लढत होते आणि त्यांचे नट-बोल्ट मात्र एकमेकांना ओळखत नव्हते. अखेर 18 नोव्हेंबर 1948 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकाच आट्याच्या करारावर सह्या केल्या. शस्त्रसंधीच्या सह्या इतिहासाच्या पुस्तकात येतात. आट्याच्या या सह्या कुणी सांगत नाही, मला मात्र त्या तेवढ्याच मोलाच्या वाटतात.

आणि तरीही, सगळंच बसतं असं नाही. युद्धातला खरा ओझेकरी होता जीएमसीचा अडीच टनी, सहा चाकांचा ट्रक. साडेपाच लाखांहून जास्त बनले. फ्रान्समध्ये 1944 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची जी अखंड ट्रकरांग पुढे सरकणाऱ्या फौजेला पेट्रोल, दारूगोळा आणि अन्न पुरवत होती, ती मुख्यतः याच ट्रकांवर. तिच्या चालकांतले सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशातून चीनच्या कुनमिंगपर्यंत काढलेल्या रस्त्यावरही हे ट्रक धावले. आता हा ट्रक इतक्या संख्येने हवा होता की एकाच कारखान्याचे ॲक्सल पुरेनात. म्हणून दोन तऱ्हा झाल्या. एकीचं हौजिंग, म्हणजे ॲक्सलचं कवच, मधोमध उभं दुभंगणारं, खोबऱ्याच्या दोन वाट्या जोडाव्यात तसं. दुसरीचं एकसंध, मधे डफासारखं गोल, ज्यातून डिफरन्शियल पुढच्या बाजूने अख्खं बाहेर काढता येतं. वरून ट्रक जुळ्या भावंडांसारखे. एकाचा ॲक्सलचा भाग दुसऱ्याला मात्र चालत नाही. म्हणून युद्धानंतर अमेरिकेत जुन्या लष्करी सुट्या भागांचा धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाला इंजिनाचं विचारत नसे. आधी खाली वाकून मागचं हौजिंग बघायला सांगे.

चाचांचंही तेच. जीपच्या ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीतला, मधला दांडा युद्धातल्या गाडीत पाऊण इंचाचा, पुढच्या गाड्यांत सव्वा इंचापर्यंत जाड होत गेलेला. बाहेरून पेटी तीच. चाचा करंगळी भोकात घालून सांगायचे, कुठल्या काळातली.

एकदा त्यांच्याकडे एक लाकडी खोका आला. मुलांच्या शाळेच्या दप्तराएवढा. आत मेणकागद, त्याच्या आत काकवीसारखं तपकिरी, घट्ट काहीतरी. चाचांनी खोका उन्हात ठेवला. तासाभराने ते तपकिरी पातळ होऊन ओघळलं, बाकीचं रॉकेलने धुतलं, आणि आतून बेअरिंग निघालं. आरशासारखं. त्याच्या रोलरमध्ये मला माझं नाक दिसलं. कॉस्मोलिन असं त्या लेपाचं नाव. फिलाडेल्फियात एकोणिसाव्या शतकात ते आधी औषधी मलम म्हणून विकलं जाई. मग कळलं की माणसाच्या कातडीपेक्षा लोखंडाच्या कातडीला ते जास्त मानवतं: त्यातला पातळ अंश उडून जातो आणि उरलेल्या मेणाच्या थराखाली हवा नि ओल पोचत नाही. दशकंच्या दशकं.

आणि लष्कराकडे असे न उघडलेले खोके एवढे उरतात कुठून? कारण लष्कर फक्त गाडी विकत घेत नाही. ती वर्षानुवर्षं चालेल, मोडेल, पुन्हा उभी करावी लागेल, असं धरून तिच्याबरोबर सुट्या भागांचा डोंगर घेतं. गाडी सेवेतून गेली की त्या डोंगराला काम उरत नाही. कधीही न फिरलेलं बेअरिंग, कधीही न भिडलेला गियर, सगळं वजनावर लिलावात.

त्या खोक्यांवर आकडे असतात. ते वाचता येऊ लागले तेव्हा मला नवी लिपी शिकल्यासारखं झालं. अमेरिकी लष्कराच्या आजच्या पद्धतीत प्रत्येक वस्तूला 13 अंकी क्रमांक असतो. पहिले चार अंक जात सांगतात: 3110 म्हणजे बेअरिंग, 5306 म्हणजे बोल्ट, 2610 म्हणजे टायर-ट्यूब. पुढचे दोन देशाचे, उरलेले सात त्या एका वस्तूचे; हे नऊ मिळून जगात दुसऱ्या कुठल्याच वस्तूचे नाहीत. त्याआधी एकच बेअरिंग भांडारात वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या फळ्यांवर पडून राही आणि एका फळीवर संपलं की बेअरिंग नाही असं समजलं जाई. युद्धाने हा धडा दिला आणि 1952 मध्ये अमेरिकेत त्यासाठी कायदाच झाला. बेअरिंग बनवणाऱ्यांचे आकडे तर याहूनही जुने आणि चिवट. जीपच्या चाकातलं टिमकेनचं बेअरिंग: आतला कोन 18590, बाहेरचा कप 18520. आज कुठल्याही मोठ्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात नुसते हे दोन आकडे सांगावेत. गाडी कुठली, हे दुकानदार विचारतही नाही.

युद्ध संपलं तेव्हा हे सगळं सामान जगभर विखुरलेलं होतं. परत नेणं परवडणारं नव्हतं. प्रशांत महासागरातल्या एस्पिरितु सांतो बेटावर स्थानिक सत्तेशी सौदा फिसकटला आणि अमेरिकी सैन्याने ट्रक, जीपा, बुलडोझर सरळ समुद्रात ढकलले. त्या जागेला आजही ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणतात आणि पाणबुडे तिथे पोवळ्यांनी मढलेली इंजिनं बघायला जातात. फिलिपिन्समध्ये लोकांनी उरलेल्या जीपांची लांबी वाढवली, त्या रंगवल्या आणि त्यांतून जीपनी नावाची सार्वजनिक वाहतूक उभी केली.

यापेक्षाही विलक्षण गोष्ट कागदावर घडली. युद्धसामान विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. ते आपल्या चलनात पैसे देऊ शकत होते. अमेरिकी सिनेटर फुलब्राइट यांनी सुचवलं की तो पैसा विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावा. 1 ऑगस्ट 1946 रोजी कायदा झाला, आणि भारताशी तसा करार 2 फेब्रुवारी 1950 ला. आपल्याकडचे किती प्राध्यापक, वैज्ञानिक, लेखक फुलब्राइटवर जाऊन आले! त्या शिष्यवृत्तीची मुळं लष्कराच्या उरल्यासुरल्या सामानाच्या विक्रीत आहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मुंबईशीही एक धागा आहे. युद्धकाळात कैलासचंद्र महिंद्र अमेरिकेत भारताच्या खरेदी मंडळावर होते. जीप त्यांनी तिथे पाहिली. 1947 मध्ये 75 विलिस जीपा सुट्या भागांत आल्या आणि माझगावात जोडणी सुरू झाली. शेताच्या बांधापासून घाटापर्यंत पुढे जी जीप महाराष्ट्राने पाहिली, तिची ही सुरुवात. म्हणूनच मामाच्या गाडीला कधी माझगावच्या गाडीचा भाग चालायचा, कधी नाही. ते ठरवायची चाचांची करंगळी.

त्या दिवशीचा बोल्ट पुढच्या मडगार्डचा होता. मामाने खिशातून पाना काढला, तर चाचांनी हातानेच तो बाजूला सारला आणि बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. "आधी बोटांनी, बाळ. बोटांनी गेला नाही तर तो आपला नाही." मी मडगार्डखाली हात घातला. भोक दिसत नव्हतं, चाचपून सापडलं. पहिला आटा धरेना. बोल्ट जरा उलटा फिरवला, टिक असा बारीक धक्का बोटाला लागला, आणि मग तो आत जाऊ लागला. दोन बोटांनी, सरळ, शेवटपर्यंत.