वाळलं तर धुतलं

एकाच कापडाचे, एकाच मापाचे दोन शर्ट एकाच साबणाने धुवा. जुलैतल्या एका सकाळी त्यातला एक कोयनानगरला दोरीवर टाका आणि दुसरा कराडला. दोन्ही गावं कोयनेच्याच खोऱ्यातली, मध्ये अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं. थोडी उघडीप मिळाली तर कराडचा शर्ट संध्याकाळी घडी होऊन कपाटात जाईल. कोयनानगरचा शर्ट तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागेल आणि नाकाशी नेला तर धुण्याआधीपेक्षा वाईट वास मारेल. धुतल्यावर एकदाही अंगात न घातलेला शर्ट पुन्हा धुण्यात!

या दोन टोकांच्या मधे, केरा नदी कोयनेला मिळते तिथे, पाटण वसलेलं आहे. रोजचे कपडे किती वेळा घातल्यावर धुवावेत, हा प्रश्न तिथेही घराघरात भांडणं लावतो. कुणी एकदा घातलेला शर्ट लगेच बादलीत टाकतो, कुणी तोच खुंटीवर अडकवून आठवडा काढतो. दोघांनाही वाटतं की आपलंच खरं. गंमत अशी की दोघांचंही बरोबर असू शकतं. ते कापडावर, अंगावर आणि सगळ्यात जास्त हवेवर अवलंबून आहे.

आधी अंगाकडे पाहू. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेकींतून झिरपतं ते खारट पाणी, आणि ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या जातीच्या ग्रंथी आहेत. त्यांचा स्राव दाट, स्निग्ध असतो, पण मूळचा तोही बिनवासाचा. तिथे वस्तीला असलेले स्टॅफिलोकॉकस होमिनिससारखे जीवाणू त्या स्रावातले रेणू तोडतात, त्यातून गंधकाचे रेणू मोकळे होतात, आणि मग एसटीत शेजारचा माणूस तोंड फिरवतो. या ग्रंथी वयात येईपर्यंत निजलेल्या असतात. म्हणून चिखलाने बरबटून आलेल्या पहिलीतल्या पोराचा सदरा मळलेला असला तरी तसा वास मारत नाही. त्याच्या बापाचा दिवसभर पंख्याखाली बसलेला शुभ्र शर्ट मात्र काखेत बोलायला लागलेला असतो. मळणं वेगळं आणि वास मारणं वेगळं. डोळ्यांना दिसणारा डाग आणि नाकाला कळणारा वास यांची कारणं एक नाहीत.

साडी नेसणाऱ्या बाईने हा हिशोब कधीच सोडवून ठेवला आहे. काखेला भिडतं ते पोलकं. ते रोज धुण्यात जातं. परकरावरून नेसलेली गोल साडी अंगाला फारशी लागतच नाही, ती दोन-चार वेळा नेसून होते. कासोट्याचं नऊवारी लुगडं थेट अंगाला भिडतं, म्हणून ते रोजच्या रोज धुवायचं. जुन्या घरांत एक लुगडं अंगावर आणि दुसरं वळणीवर, एवढ्यावर वर्ष निघायचं. कपडा अंगाला किती आणि कुठे लागतो, एवढ्या एका मोजमापावर ही सगळी व्यवस्था उभी होती.

आता कापडाकडे वळू. २०१४ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ निरोगी माणसांना टी-शर्ट घालून जोरदार व्यायाम करायला लावला. कुणाचा शर्ट सुती, कुणाचा पॉलिस्टरचा, कुणाचा मिश्र धाग्याचा. ते शर्ट अठ्ठावीस तास पिशवीत बंद ठेवले आणि मग वास घेणाऱ्या तरबेज मंडळींपुढे मांडले. पॉलिस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा कितीतरी जास्त घाण वास मारत होते. पॉलिस्टरवर मायक्रोकॉकस नावाचे जीवाणू भराभर वाढत होते. काखेत ते एवढ्या संख्येने नसतातच. म्हणजे शर्टावरची जीवाणूंची वस्ती ही अंगावरच्या वस्तीची नुसती नक्कल नसते. कापड आपल्याला हवे ते रहिवासी निवडतं.

असं का, याचं उत्तर धाग्याच्या तहानेत आहे. वीस अंश तापमान आणि पासष्ट टक्के आर्द्रता असलेल्या हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी नुसतं हवेतून ओढून घेतो. लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास ओढते. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिस्टरला पाणी नको असतं, तेल मात्र आवडतं. कातडीचं तेल आणि वासाचे स्निग्ध रेणू त्याला चिकटून बसतात आणि साध्या धुण्यात पुरते निघत नाहीत. म्हणून वरून सुका, झटपट वाळणारा खेळाचा टी-शर्ट स्वच्छ धुऊनही अंगात घातल्यावर पंधरा मिनिटांत जुना वास परत देतो.

लोकरीची कथा याच्या अगदी उलट. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात रेचल मॅक्वीन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली काखेतल्या घामाचा वास वेगवेगळ्या कापडांवर तपासला, तेव्हा लोकरीचा वास सगळ्यात सौम्य आणि पॉलिस्टरचा सगळ्यात उग्र निघाला. चकित करणारी गोष्ट पुढे आहे: वासाची तीव्रता आणि जीवाणूंची संख्या यांचा मेळच बसत नव्हता. लोकरीवर जीवाणू टिकून होते, तरी वास कमी. लोकरीचा धागा बाहेरून पाणी झटकतो आणि वाफ आत मुरवतो. त्या वाफेबरोबर वासाचे रेणूही आत अडकून राहतात.

पाटणच्या डोंगराकडच्या वाड्यांवरच्या जुन्या माणसाला घोंगडीबद्दल हे सांगायला नको. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसात खोळ म्हणून डोक्यावरून घ्यायची, रात्री अंथरायची, पांघरायची. तिला रोज धुण्याचा विचारही कुणी केला नाही. ऊन पडलं की झटकायची आणि वाऱ्यावर टाकायची. लोकर दमट हवेतली वाफ शोषते तेव्हा थोडी उष्णता बाहेर टाकते, म्हणून कोरडी घोंगडी ओल्या हवेत उबदार लागते हे नुसतं मनाचं समाधान नाही.

जुन्या कर्मठ घरांतल्या सोवळ्याच्या नियमांतही धाग्यांचा असा भेद होता. सुती धोतर रोज धुवायचं, शिवाशीव होऊ न देता काठीने उंच वळणीवर वाळत घालायचं. रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी मात्र रोज न धुताही सोवळ्यात चालायची. हे नियम माणसांना माणसांपासून दूर ठेवण्यासाठी राबवले गेले आणि त्यांनी केलेली इजा मोठी आहे. त्यात प्रयोगशाळा शोधू नये. पण सगळं कापड एकाच हिशोबाने धुवायचं नसतं, एवढं त्या घरांनाही मान्य होतं.

मग कोयनानगरच्या त्या न घातलेल्या शर्टाला वास कुठून आला? २०१२ साली जपानी संशोधकांनी हे कोडं सोडवलं. धुऊन सावलीत, घरात वाळवलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासामागे ४-मिथाइल-३-हेक्सेनोइक नावाचं आम्ल असतं आणि ते तयार करतो मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जीवाणू. तो चिवट आहे. कोरडेपणा सहन करतो, अतिनील किरणांनाही सहजी दाद देत नाही. कपाटातल्या कोरड्या शर्टावर तो गप्प पडून असतो. धुताना त्याला भरपूर पाणी मिळतं आणि धाग्यात उरलेला घामाचा, तेलाचा अंश खायला असतोच. कापड लवकर वाळलं तर त्याचा डाव फसतो. दोन दिवस ओलं राहिलं तर त्याचं फावतं.

म्हणजे धुणं हे दोन कामांचं मिळून बनलेलं आहे: मळ काढणं आणि पाणी काढणं. आपण सगळं लक्ष पहिल्याकडे देतो, साबणाच्या जाहिराती पाहतो. दुसरं काम दोरीवर सोपवून विसरतो. वास्तविक दुसरंच अवघड आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. हजार वॅटची इस्त्री सलग चाळीस मिनिटं चालवावी, एवढी. एरवी हे काम ऊन आणि वारा आपल्यासाठी फुकट करतात.

वाऱ्याची तर या तालुक्यात वाण नाही. पाटणच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे, आणि सडावाघापूरला पावसाळ्यात वारा धबधब्याचं पाणी कड्यावरून उलटं वर उडवतो. एवढा वारा असून आषाढात दोरीवरचा शर्ट वाळत नाही, कारण हा वारा अरबी समुद्रावरून पाणी पिऊन आलेला असतो. सह्याद्री चढताना तो थंड होतो आणि थंड हवेत वाफ कमी मावते. खच्चून भरलेल्या एसटीत जसा नवा उतारू चढू शकत नाही, तसं शर्टातलं पाणी त्या हवेत शिरू शकत नाही. ही हवा आपला भार घाटमाथ्यावर टाकते. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुढे पूर्वेला उतरताना ती तापते, तिच्यात जागा होते, आणि कराडला पोचेपर्यंत पाऊस सातशे मिलिमीटरच्या घरात आलेला असतो. एकाच खोऱ्यात धुण्याचं नशीब बदलतं ते असं. म्हणून तर पावसाळ्यात शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर बाळाची दुपटी वाळवत. हवेत जागा नसली की ती तापवून जागा करायची, हे त्यामागचं साधं गणित.

उन्हात वाळलेल्या कपड्याला जो करकरीत वास येतो, तोही खरोखरचा आहे. २०२० साली कोपनहेगनमधल्या संशोधकांनी ओले टॉवेल घरात, बाहेर सावलीत आणि बाहेर उन्हात वाळवून तुलना केली. उन्हातल्या टॉवेलांवर पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल यांसारखे रेणू सापडले. असे रेणू झाडापानांत आणि अत्तरांतही असतात. धुतल्यावर ते कापडात नव्हते. ओल्या कापडावर ऊन पडलं आणि ते दोरीवरच जन्मले.

न धुण्याची कमाल परीक्षाही होऊन गेली आहे. त्याच रेचल मॅक्वीन पुढे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात गेल्या. तिथल्या एका विद्यार्थ्याने एकच जीन्स पंधरा महिने न धुता वापरली. २०११ मध्ये ती तपासली, मग धुतली, आणि तेरा दिवस वापरून पुन्हा तपासली. दोन्ही वेळचे जीवाणू जवळपास सारखेच! काही दिवसांत जीवाणूंची संख्या एका पातळीवर पोचते आणि तिथेच रेंगाळते. पण हा प्रयोग अल्बर्टाच्या कोरड्या हवेतला आहे, हे विसरून आपल्याकडे तो करू नये. श्रावणात चिखलणी करून आलेल्या माणसाची भिजलेली पँट ही वेगळीच गोष्ट आहे.

त्यातून आपल्याकडे गजकर्ण वाढलं आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या त्याच्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. ती भारतातल्या आणि नेपाळमधल्या रुग्णांत ओळखली गेली. दमट, घट्ट, सिंथेटिक कापड जांघेला चिकटून राहिलं की बुरशीला आयतं घर मिळतं. घरात कुणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात, प्रत्येक वापरानंतर धुवावेत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय अंगात घालू नयेत. इथे काटकसर नको.

एरवी मात्र जास्तीचं धुणंही फुकट नाही. गावगाड्यात परीट हा बलुतेदार होता. वर्षभराच्या धुण्याचा मोबदला सुगीत धान्याने मिळायचा आणि खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे भट्टीवर वाफवण्याचे कष्ट त्याचे असायचे. आता कष्ट यंत्राकडे गेले, पण कापड झिजतंच. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ साली मोजलं, तेव्हा सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू पाण्यात सुटू शकतात असं दिसलं. पाटणमधल्या मोरीतून निघालेल्या तंतूला पुढचा रस्ता मोकळा आहे: कोयना, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा, मग सांगली, कर्नाटक आणि शेवटी बंगालचा उपसागर.

तेव्हा हिशोब दिवसांचा नको, ओलीचा ठेवावा. चड्डी, बनियन, मोजे, पोलकं आणि व्यायामाचे कपडे एका वापरात धुवायचे, कारण ते सबंध वेळ ओलीत असतात. सुती शर्ट उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत दोनदा-तीनदा चालतो. काखेशी नाक नेलं की निकाल कळतो. जीन्स, स्वेटर, गोल साडी यांना दिसण्यासारखा डाग किंवा वास येईपर्यंत थांबता येतं. अंगातून काढलेला कपडा बोचक्यात कोंबण्याऐवजी पसरून टांगला तर त्याचे एक-दोन वापर वाढतात, कारण तेवढ्याने तो वाळतो. आणि आषाढात, दोरीवर तीन दिवसांचं धुणं अजून ओलं असताना, काखेला कोरडा असलेला कालचा शर्ट आज पुन्हा घालण्यात आळस मुळीच नाही. त्या दिवशी घरातला सगळ्यात स्वच्छ शर्ट बहुधा तोच असतो.