स्पीकरसमोर मोबाइल धरू नका

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत लागलं आणि पुढे वर्षभराहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. घरात ध्वनिमुद्रणाची सोय असलेली माणसं तेव्हा विरळाच. ऐकलेलं गाणं कानातच जपायचं. मग कॅसेटी आल्या आणि रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून पोराबाळांना गप्प बसवण्याचे दिवस सुरू झाले. पेठांमधल्या वाड्यांत टेप केलेल्या त्या गाण्यांत बंदिशीच्या ऐन मध्यावर कुकरची शिट्टी हमखास ऐकू यायची.

आता तीच गाणी यूट्यूबवर आहेत. टेप करण्याची रीत मात्र पुष्कळ घरांत जुनीच राहिली आहे: पंखा बंद करायचा, दार लावायचं आणि लॅपटॉपच्या स्पीकरसमोर मोबाइल धरायचा.

रेकॉर्डिंगला मायक्रोफोन लागतोच, हा यातला पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज. स्पीकरपर्यंत पोहोचण्याआधी व्हिडिओतला आवाज संगणकाच्या आत आकड्यांच्याच रूपात असतो. तो तिथेच पकडता येतो. खोली शांत असण्याची गरज नाही. शेजारी मिक्सर चालू असला तरी रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज येणार नाही. विंडोजवर यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये होस्ट म्हणून ‘विंडोज वासापी’ निवडायचं आणि रेकॉर्डिंगच्या उपकरणांच्या यादीतून ज्याच्या नावापुढे ‘लूपबॅक’ लिहिलेलं आहे ते घ्यायचं. लिनक्सवर याच कामाच्या पर्यायाला ‘मॉनिटर’ म्हणतात. मॅकवर सहसा ब्लॅकहोलसारखं वेगळं मोफत सॉफ्टवेअर बसवावं लागतं.

इथपर्यंत येऊनही अनेकांच्या फाइलीत आवाजच उतरत नाही. संगणक बिघडला, असं त्यांना वाटतं. खरं कारण साधं असतं: आवाज इअरफोनमध्ये चाललेला आणि लूपबॅक निवडलेलं स्पीकरचं. आवाज ज्या उपकरणातून बाहेर पडतो, त्याचंच लूपबॅक घ्यावं लागतं. आवाज दुहेरी, घुमल्यासारखा येत असेल तर ऑडॅसिटीतला ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ चालू राहिलेला असतो. तो बंद करायचा. आणि बाहेरचा आवाज येत नाही म्हणून निर्धास्त राहून चालत नाही, कारण ईमेल आल्याची टिंग संगणकाच्या आतलीच असते. ती कोमल रिषभाच्या शेजारी कायमची जाऊन बसते. रेकॉर्डिंगआधी सगळी नोटिफिकेशनं बंद करावीत आणि मीटरची पट्टी शेवटच्या टोकाला धडकत नाही ना, तेही पाहावं. टोकाला धडकून फाटलेली तान नंतर शिवता येत नाही.

दुसरा गैरसमज आकड्यांचा, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट साठवले जातात त्या ‘केबीपीएस’चा. ‘३२० केबीपीएसमध्ये सेव्ह केलं की आवाज सुधारतो’, असं अगदी जाणकार माणसंही सांगतात. यूट्यूबवरून ऐकणाऱ्यापर्यंत येणारा आवाज साधारण १२८ ते १६० केबीपीएसच्या आसपास दाबलेला असतो. दाबताना जो तपशील टाकून दिला, तो मोठ्या फाइलमध्ये साठवल्याने परत येत नाही. एमपी३ करताना आवाज दुसऱ्यांदा दाबला जातो, म्हणजे थोडं नुकसानच होतं. तासाभराच्या ख्यालाची ३२० केबीपीएसची फाइल १४४ एमबीची होते आणि १२८ची ५८ एमबीची. ज्याला पुढे काटछाट करायची आहे, त्याने मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक रूपात ठेवावी. ४८ किलोहर्ट्झची, १६ बिटची स्टीरिओ वेव्ह तासाला सुमारे ६९० एमबी जागा घेते. फ्लॅक तेच काम बरंच कमी जागेत करते आणि आवाजातलं काहीही टाकून देत नाही.

याच्याच जोडीला खरखर काढण्याचा मोह येतो. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून चढवलेलं गाणं असेल तर तो अधिकच. ऑडॅसिटीत ‘नॉइज रिडक्शन’ आहे आणि ते मन लावून काम करतं, पण त्याला गाणं कळत नाही. नुसती खरखर असलेला एक तुकडा त्याला नमुना म्हणून दाखवावा लागतो. गायक सुरू होण्याआधीचा ‘रिकामा’ तुकडा लोक घाईने निवडतात. तो रिकामा नसतो. तिथे तानपुरा चालू असतो. मग एकसारखा झंकार हाच गोंगाट समजून सॉफ्टवेअर अख्ख्या मैफलीतून तो पुसू लागतं आणि गायक आधाराविना उभा राहिल्यासारखा ऐकू येतो. रियाजासाठी ऐकणाऱ्याला त्यापेक्षा थोडी खरखर परवडली.

आता कायद्याकडे. इथे दोन टोकाचे समज आहेत: काहींना घरी केलेलं कुठलंही रेकॉर्डिंग गुन्हा वाटतं, तर काहींना नेटवर आहे ते सगळं फुकटचं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२वं कलम खासगी वा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासाठी आणि समीक्षेसाठी ‘न्याय्य वापरा’ची मोकळीक देतं. २०१२च्या दुरुस्तीपर्यंत या तरतुदीत ध्वनिमुद्रणांचा समावेश नव्हता. त्या दुरुस्तीने तो झाला. मात्र ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हा आकडा कायद्यात कुठेही नाही. एकट्याच्या रियाजासाठी ठेवलेली फाइल दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की तिला वैयक्तिक म्हणणं अवघड होतं. शिवाय कायदा वेगळा आणि यूट्यूबशी झालेला करार वेगळा. यूट्यूबच्या अटींनुसार, त्यांनी स्वतः दिलेल्या सोयीखेरीज किंवा परवानगीवाचून आशय उतरवून घेता येत नाही. प्रीमियमचं ‘डाउनलोड’ही अ‍ॅपच्या आतच राहतं, त्याची सुटी फाइल हाती लागत नाही.

‘जुनं आहे म्हणजे मोकळं आहे’ हा समज दोन उदाहरणांवरून तपासता येतो. ‘संगीत मानापमान’ १९११चं. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, ते १९४८ मध्ये गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ मध्ये गेले. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे या नाटकातल्या पदांच्या बालगंधर्वांनी गायलेल्या जुन्या तबकड्या भारतात तिन्ही बाजूंनी मोकळ्या आहेत. ‘गीतरामायण’ही सत्तर वर्षांचं झालं, पण तिथला हिशेब निराळा. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. शाळेच्या गॅदरिंगला विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे ते वाजवायला कायदा सूट देतो. त्याची सीडी काढून विकायला नाही.

राहिली ती ‘लिंक टाका, एमपी३ घ्या’ म्हणणारी संकेतस्थळं. ती सोयीची वाटतात, पण तिथली डाउनलोडची बटणं बरेचदा जाहिरातींची असतात आणि नको ते सॉफ्टवेअर संगणकात उतरवतात. अशा संकेतस्थळांपैकी सर्वांत मोठं गणलं जाणारं यूट्यूब-एमपी३ हे रेकॉर्ड कंपन्यांच्या दाव्यानंतर २०१७ मध्ये बंद पडलं.

एवढा खटाटोप का करायचा, याचं उत्तर पुण्यातच आहे. भारत गायन समाजाची स्थापना करणारे, बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नाही. शिष्यांच्या आठवणींत आणि गायकीत जेवढे उरले, तेवढेच ते आज भेटतात. यूट्यूबवर एखाद्या संग्राहकाने चढवलेली दुर्मीळ मैफल कायम तिथेच राहील, हाही गैरसमजच; त्याचं खातं बंद झालं की ती जाते.

म्हणूनच रेकॉर्डिंग झाल्यावर ‘ऑडिओ १७’ असं नाव देऊन फाइल ठेवू नये. दहा वर्षांनी अशा फाइलीतला आवाज कुणाचा, हे सांगणारं कुणी नसतं. गायक, राग, बंदिश, साथीदार, मैफलीचं गाव आणि साल, कुणी चढवलं आणि कधी उतरवलं, हे सगळं त्याच बैठकीत लिहून ठेवावं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कलाकारांना ही काळजी गाता गाता घ्यावी लागे. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गायिका गौहरजानच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून तयार होत. तिथल्या तंत्रज्ञांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणं संपताच ती स्वतःचं नाव उच्चारायची. त्या काळातल्या इतरही तबकड्यांत असे उच्चार सापडतात. ऑडॅसिटीत शेवटची ‘नको असलेली’ पाच सेकंदं कापायच्या आधी ती एकदा ऐकावीत. तिथे गाणाऱ्याचं नाव असू शकतं.